३५ लाखांत ३ वर्षं जुनी ऑडी क्यू३ की नवी टोयोटा इनोव्हा हायक्रॉस / महिंद्रा एक्सयूव्ही ७एक्सओ (आधीची एक्सयूव्ही७००)?

पुणेरी_क्लच: बजेट ३५ लाख, ऑन-रोड, रुपयाही वर नाही. माणसं पाच, त्यात आई-बाबा. रोज पुणे, महिन्यातून एकदा कोकण. ऑडीच्या बॅजचे जादा पैसे वसूल होतात का?

घाटमाथा: थोडं ताणा, नवी स्कोडा कोडिॲक घ्या. शोरूम किंमत ४० लाख धरली तर पेट्रोलला १३% म्हणजे ५ लाख २० हजार रोड टॅक्स. कंपनीच्या नावावर घेऊ नका, २०% लागतो. १% टीसीएस (विक्रेता किमतीवर घेतो तो आयकर) रिटर्न भरताना वळता होतो.

ढोलताशा: त्यांनी ३५ लिहिलंय हो!

हायब्रिडवाला: हायक्रॉस, पेट्रोल-बॅटरी हायब्रिड. विषय संपला. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी. शहरात ब्रेक लावताना बॅटरी भरते, त्यामुळे पॅडही कमी झिजतात. बॅटरीच्या पंख्याची जाळी तेवढी धुळीने तुंबू देऊ नका.

शेंद्रा_एमआयडीसी: क्यू३ आणि कोडिॲक दोन्ही आमच्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच जुळतात. इंजिन एकाच घराण्यातलं, २ लिटर ईए८८८, गिअरबॉक्स ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. जुनी बघताना दोन गोष्टी. थर्मोस्टॅट-वॉटर पंपाचं घर प्लास्टिकचं असतं, ते गळतं. इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बघा, जोडाभोवती वाळलेले गुलाबी डाग शोधा. दुसरं हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कपलिंगचं तेल, दर ३ वर्षांनी. नुसतं तेल बदलून भागत नाही, पंप काढून त्याची जाळी धुवायची. ती तुंबली की पंप जळतो आणि मागची चाकं जोर लावत नाहीत. साध्या सर्व्हिसच्या बिलात हे काम बहुतेकदा नसतंच.

बाबूराव_७००: क्वाट्रोला (ऑडीची चारही चाकं चालवणारी) मागे मधोमध बोगदा आहे, मधल्या माणसाने पाय कुठे ठेवायचे? एक्सयूव्ही ७एक्सओ घ्या, उरलेल्या पैशात दहा वर्षांचं डिझेल येईल.

हायब्रिडवाला: डिझेल? २०२६ मध्ये?

घाटमाथा: दिल्लीची क्यू३ स्वस्त पडते.

आरटीओ_चक्कर: पडते, पण फॉर्म २८ची एनओसी (तिथल्या आरटीओची ना-हरकत) आणा, इथला टॅक्स आधी भरा, मग तिकडच्या परताव्यासाठी खेटे घाला. एमएच पासिंगचीच बघा. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० सह्यांसकट. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ही. विम्याचे जुने क्लेम आणि पेंटची जाडी (ठोकून पुन्हा रंगवलीय का) तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

ढोलताशा: कोकणात लो-प्रोफाइल (बुटक्या कडेचे) टायर म्हणजे खड्ड्यात कडेला फुगा. आतले दोरे तुटलेले असतात, पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायरच बदलायचा. पावसात इंजिनात पाणी गेलं तर इंजिन प्रोटेक्ट कव्हरशिवाय क्लेम बसत नाही, नुसत्या झीरो डेपवर (घसारा न कापणाऱ्या विम्यावर) विसंबू नका.

हायब्रिडवाला: म्हणून म्हणतो, हायक्रॉस.

पुणेरी_क्लच: सगळ्यांचे आभार. क्यू३च घेतोय, एमएच१२ पासिंगची. कूलंट आणि हॅल्डेक्स तपासूनच टोकन. मधे मुलगा बसेल, त्याचे पाय अजून टेकत नाहीत.

बाबूराव_७००: वाढेल की तो!

ढोलताशा: विम्यात टायर कव्हर घ्या मग.