फोटोकॅटॅलिस्टला मराठीत काय म्हणाल?

शाईचा_डाग: भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता मराठीत करून देते आहे. दोन चंचुपात्रांत मिथिलीन ब्लूचं निळं पाणी, एकात चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड, दोन्ही गच्चीवर उन्हात. ही पूड म्हणजे फोटोकॅटॅलिस्ट, उजेड पडला की रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ. मी लिहिलं, 'प्रकाश-उत्प्रेरकाने सांडपाण्यातील रंजकाचे विघटन'. सरांनी 'विघटन' खोडून 'विरंजन' (रंग घालवणं) केलं. बरोबर कोण?

पाणिनीचा_शेजारी: आधी ती आडवी रेघ काढा. प्रकाशोत्प्रेरक! संधी करायची लाज कसली?

उंटावरचा: प्रकाशोत्प्रेरक म्हणजे प्रकाशाला ढोसणारा वाटतो.

पाणिनीचा_शेजारी: पवनचक्की काय वारा दळते?

परीक्षानळी: सर चुकले. निळं पाणी पांढरं झालं म्हणजे रंग संपला असं नाही. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा घातलेल्या बाटलीत मिथिलीन ब्लू आपोआप रंगहीन होतो, अन् बूच लावून हलवली की परत निळा. हे झालं विरंजन. नुसता पुडीला चिकटूनही रंग फिका दिसतो, म्हणून पात्र आधी अंधारात ढवळत ठेवतात, चिकटायचा तेवढा रंग आधीच चिकटून जावा. भाचीला विचारा, तिने ठेवलं होतं का. उन्हात मात्र हायड्रॉक्सिल मूलकं (फार क्रियाशील कण) तयार होतात आणि रंगाचा रेणूच फोडतात. म्हणून विघटन.
माझी कुरकूर 'प्रकाश' या शब्दावर आहे. या पुडीला लागतात अतिनील किरण, साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचे. उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. बाकी ऊन फुकट.

उंटावरचा: मग 'अतिनीलोत्प्रेरक' म्हणा, पोरांची जीभ तुटू दे.

पंचगंगाकाठ: इचलकरंजीचा आहे. वडील कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये होते. 'रंजक' हा शब्द आमच्या घरात फक्त गोष्टीला लागायचा. कापडाला लागतो तो रंग, नाहीतर डाय. आणि नळीताई, रंग नाहीसा व्हायला आमच्याकडे एक शब्द पुरत नाही. धुताना पाण्यात *उतरतो*. शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला *लागतो*. उन्हात *विटतो*. सूत रंगवताना रिॲक्टिव्ह रंगाचा बराच भाग धाग्याला धरतच नाही, धुवणाच्या पाण्याबरोबर जातो. त्याला वडील म्हणायचे 'सुटलेला रंग'. गिऱ्हाइकाला हवा पक्का, न विटणारा, आणि तोच सुटला की पाण्यातही विटत नाही. तुमची पूड त्याला उन्हात विटवते. मग क्रियापद हातात असताना संस्कृतच्या दारात कशाला जायचं? 'उन्हाने रंग विटवणारी पूड'. झालं.

पाणिनीचा_शेजारी: बाजारात ठीक. विटणं म्हणजे फिकं पडणं, रेणू फुटणं नव्हे. परिभाषेला नेमकेपण लागतं.

पंचगंगाकाठ: उन्हात पडदा विटतो तेव्हा रेणूच फुटतो हो. तुमच्या नेमकेपणाला पडदा दिसत नाही.

परीक्षानळी: त्यांचं बरोबर आहे. फरक इतकाच की पडद्याचा रंग स्वतः ऊन खातो, इथे पूड खाते.

आजीचा_लाडका: उत्प्रेरक म्हणजे विरजणच की! चमचाभर घातलं की सगळं दूध बदलतं. माझा तर्क, विरजण आणि विरंजन मुळात एकच.

परीक्षानळी: विरजण वाढतं आणि दह्यातच मिसळून जातं. उत्प्रेरक शेवटी होता तेवढाच उरतो, गाळून पुन्हा वापरता येतो.

पाणिनीचा_शेजारी: कान जुळले म्हणजे गोत्र जुळत नाही.

उंटावरचा: जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली याच पुडीच्या भाईबंदावर उजेड पाडून पाणी फोडलं. तेव्हा त्यांनी विरजण घातलं होतं की नाही?

शाईचा_डाग: मंडळी, तक्ता उद्या द्यायचा आहे. मथळ्यात काय लिहू? आणि भाची म्हणते, अंधारात काही ठेवलं नव्हतं.

आजीचा_लाडका: लिहा काहीही. आधी मला कुणी सांगा, विटणं आणि विटाळ यांचा काही संबंध आहे का?

पंचगंगाकाठ: विटलेली साडी आजी सोवळ्यात नेसायची, त्यामुळे नसावा.

पाणिनीचा_शेजारी: हा पुरावा नव्हे.