मदत हवी आहे: मांजलपूरमध्ये २ बीएचकेचं भाडं एकदम १९ टक्के वाढवणं रास्त आहे का?

मंडळी, बडोद्यात भाड्यानं राहणाऱ्यांकडून आणि घरमालकांकडूनही सल्ला हवाय.

मांजलपूरमध्ये २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे, सेमी-फर्निश्ड म्हणजे पंखे, गीझर आणि किचनची कपाटं. इमारत जुनी. सध्या भाडं १३,००० आणि मेन्टेनन्स आम्हीच भरतो. ११ महिन्यांचा करार महिनाअखेरीस संपतोय. घरमालक काका आता १५,५०० म्हणताहेत. करारात वाढीबद्दल एक अक्षर नाही, तोंडी 'बघू पुढे' एवढंच झालं होतं.

१० टक्के, म्हणजे १४,३०० देतो म्हणून सांगून पाहिलं. 'बाजारभाव हाच आहे' असं उत्तर आलं. बाथरूमच्या ओलीनं बेडरूमच्या भिंतीचे पोपडे पडताहेत, त्याचा विषय काढला की मात्र बाजारभाव आठवत नाही! साइटवरच्या जाहिराती चाळल्या, पण ते मागितलेले आकडे, ठरलेले नव्हेत. दलालाला विचारण्यात अर्थ नाही, भाडं वाढलं की त्याची दलालीही वाढते.

२०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात भाडेवाढीआधी तीन महिने लेखी नोटीस लागते, हे माहीत आहे. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, तेव्हा कृपया तो सुचवू नका.

मुलीची शाळा जवळ आहे, म्हणून गोत्री-भायली नको. भांडणही नको, माणसं चांगली आहेत.

मांजलपूर-मकरपुरा भागात अशा जुन्या २ बीएचकेला तुम्ही प्रत्यक्षात किती देता किंवा घेता? आणि ओल काढून देण्याची अट नव्या करारात लिहून घेतली, तर १४,३०० च्या वर किती जावं?