मदत हवी आहे: ले-आउटच्या मोकळ्या जागेचं उद्यान करायला पैसा कुठून आणायचा?

खारुताई_मानेवाडा

मंडळी, नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा-बेसा रस्त्याच्या आतल्या बाजूला राहते. आमच्या ले-आउटच्या मंजूर नकाशात एकरभर मोकळी जागा दाखवलेली आहे, हिरव्या रंगात. प्रत्यक्षात हिरवं म्हणाल तर फक्त गाजरगवत. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी जुन्या बाथरूमच्या फुटक्या टाइल्स, दुसऱ्यात सिमेंटचा बाक. त्यावरचं देणगीदाराचं नाव अजून ठळक आहे, बसायची फळी मात्र मधोमध तडकलीय. पोरं क्रिकेट रस्त्यावरच खेळून राहिली. वर्षातून एकदा ही जागा झाडली जाते, तान्ह्या पोळ्याला. लाकडी नंदी घेऊन लेकरं रांगेत उभी राहतात, बक्षिसं होतात, आणि रात्रीपासून पुन्हा कुत्र्यांचं राज्य.

मागच्या पावसाळ्यात वर्गणी काढून ४० झाडं लावली. मे महिन्यात मोजली तर ११ उरली होती. बोअर नाही, कुंपण नाही, गाई थेट आत. ओळखीच्या ठेकेदाराने कुंपण, बोअर आणि चालायची पट्टी मिळून १४ लाख सांगितले. आमची घरं ६२. कसं जमणार?

एका कार्यालयात म्हणाले, जागा पुढे हस्तांतरित झाली. दुसऱ्यात म्हणाले, आमच्याकडे आलीच नाही. आता ले-आउटमधले एक काका म्हणतात, उद्यानाला कोणी पैसा देत नाही, समाजभवन मागा, लगेच मिळेल. अर्धी मंडळी तिकडे झुकलीत. उद्यानासाठी खरंच निधी नसतो का?

जुना_ओव्हरसियर

ताई, निधी असतो. तुमच्याकडे नाही तो कागद. जागा सरकारी संस्थेच्या नावावर नसेल तर कोणताही अधिकारी तिथे रुपया खर्च करायला सही करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. नागपुरात ही भानगड जास्त, कारण इथे १९३६ च्या कायद्याने आलेलं सुधार प्रन्यास (शहर विकासाची वेगळी सरकारी संस्था) आहे, महापालिका आहे, आणि हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्यात नंतर नियमित करायला घेतलेल्या ले-आउटच्या '५७२' आणि '१९००' या याद्यांचा गुंता. पुष्कळ ठिकाणी मोकळ्या जागेचा सातबारा अजून मूळ शेतमालकाच्याच नावावर निघतो. तुमचा काढून बघा. मग माहिती अधिकारात दोन्हीकडे एकच गोष्ट मागा: ताबा पावतीची, म्हणजे जागा कोणी कोणाच्या ताब्यात दिली त्या कागदाची प्रत. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. तोंडी 'आमच्याकडे नाही' म्हणणं सोपं असतं, लिहून देताना हात थांबतो.

संत्रा_बर्फी

समाजभवन मागा, मग लग्नाचे डीजे ऐका रोज. 🙂

फाईल_क्रमांक_शून्य

जिल्हा नियोजनाच्या कामात काही वर्षं होतो, म्हणून सांगतो.

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी, खासदारालाही ५ कोटी. दोन्हीतून कुंपण, चालायची पट्टी अशी कामं होतात. ते शिफारसपत्र देतात, पैसा जिल्हा प्रशासनामार्फत जातो. ठेकेदाराचा आकडा तिथे चालत नाही, सरकारी अभियंत्याचं अंदाजपत्रक लागतं. जिल्हा नियोजन समितीकडून राज्याच्या नगरोत्थान योजनेचाही मार्ग आहे, पण तो प्रस्ताव महापालिकेनेच पाठवायला हवा. केंद्राच्या नगर वन योजनेच्या मागे लागू नका, तिथे लहानशा नगर वाटिकेलाही किमान १ हेक्टर जागा मागतात, तुमची एकरभरच आहे.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. भवनाला कोनशिला लावता येते, कडुनिंबाला लावता येत नाही. पण मोकळी जागा ही मोकळीच राहिली पाहिजे. बंगळूरच्या मुद्दप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली उद्यानाच्या जागेवर खासगी इस्पितळसुद्धा होऊ दिलं नाही. आपल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही अशा जागेवर बांधकाम जास्तीत जास्त १५ टक्के, तेही खेळ-करमणुकीच्या सोयीसाठी.

खारुताई_मानेवाडा

दादा, फार उपयोगी. एक शंका: उद्या कुंपण-बोअर झालं तरी पाणी घालणार कोण? आमची ४० झाडं त्यापायीच गेली.

फाईल_क्रमांक_शून्य

बरोबर जागी बोट ठेवलंत. आमदार-खासदार निधी बांधून देण्यासाठी असतो, माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. तो महापालिकेच्या उद्यान विभागाच्या अंदाजपत्रकात बसवावा लागतो. उद्यानं-मैदानं हे पालिकेचं काम असल्याचं राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतच लिहिलंय, त्याचा उल्लेख अर्जात करा. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तेव्हा अर्ज दिवाळीच्या सुमारास झोन कार्यालयात द्या आणि नगरसेवकालाही प्रत द्या. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षावर गेलंच म्हणून समजा.

जुना_ओव्हरसियर

आणि तोवर झाडं कमी लावा. दहाच लावा, प्रत्येक झाड एकेका घराच्या नावावर. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पडल्या तरी कडुनिंब, करंज तग धरतात. गुलमोहराच्या मोहात पडू नका, वादळात फांद्या मोडतात.

खारुताई_मानेवाडा

आज सातबारा काढला. ओव्हरसियर काका, तुमचंच खरं निघालं, मूळ मालकाचंच नाव आहे, आणि ते वारून बरीच वर्षं झालीत. त्यांचा मुलगा हुडकेश्वरला राहतो असं कळलंय. रविवारी दोघं-तिघं मिळून जाऊन येतो. भेटीत नेमकं काय लिहून घ्यायचं, हे कोणी सांगेल का?