मदत हवी आहे: मोरचुदाचा रंग काळा पडतोय

शाळेतली_ताई: सोलापुरात आठवीच्या पोरांना चित्रकाराचे रंग बनवून रसायन शिकवतेय. मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवला, सोडा टाकला, मस्त आकाशी लगदा आला, पोरं खूश, आणि सुकवायला गॅसवर ठेवला तर दोन मिनिटांत काळाकुट्ट. तीनदा तेच झालं. शनिवारी याच रंगानं चित्रं काढायचीत, लवकर सांगा.

जुना_मास्तर: सोडा कुठला? खायचा, धुण्याचा, की कॉस्टिक?

गेरूवाला: ताई, मोरचूद राहू द्या. पिवळी माती तव्यावर भाजा, लाल होते. त्यातलं पाणी जातं, उरतं ते फेरिक ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू. अजिंठ्याच्या चित्रांत दोन्ही आहेत.

प्रयोगवही: पाणी उडालं यात कसलं रसायन? ओली चादर पण वाळते.

गेरूवाला: ओल नाही हो, पाणी संयुगातच बांधलेलं असतं. भाजलेल्या मातीवर परत पाणी ओता, पिवळी होते का बघा.

चादर_कारखाना: आमच्याकडं सुताला व्हॅट रंग (एरवी पाण्यात न विरघळणारे) देतात, कॉस्टिक आणि हायड्रोस (ते विरघळवायला लागणारं रसायन) घालून. सूत बाहेर काढलं की हवेत रंग उमटतो. पोरांना ते दाखवा.

शाळेतली_ताई: मला सूत नाही रंगवायचं! सोडा एका पोराच्या वडिलांनी रंगकामाच्या कारखान्यातून दिला. पांढऱ्या चपट्या पापड्या आहेत, बोटाला बुळबुळीत लागतात.

जुना_मास्तर: ताई, तो कॉस्टिक! बुळबुळीत लागतंय म्हणजे कातडी खातोय, पोरांना हात लावू देऊ नका. त्यानं कॉपर हायड्रॉक्साइड बनतं, तापवलं की त्यातलं पाणी जाऊन काळं कॉपर ऑक्साइड उरतं. धुण्याचा सोडा घ्या, गार पाण्यात विरघळवून मोरचुदाच्या पाण्यात थोडा थोडा ओता, बुडबुडे येतील तो कार्बन डायऑक्साइड. खाली हिरवट साका बसेल, मॅलाकाइट नावाचा जुना हिरवा रंग याच जातीचा. चार पाण्यानं धुवा, फडक्यातून गाळा, सावलीत वाळवा. गॅस नकोच, हाही तापवला की काळा होतो. मोरचूद विषारी, भांडी परत स्वयंपाकात नेऊ नका.

प्रयोगवही: गेरूवाले, पटलं. भाजून बघितली, पाणी घातलं तरी लालच राहिली.

शाळेतली_ताई: मास्तर, जमलं! हिरवा आलाय, फॅनखाली वाळतोय. काळी पूड टाकली नाही, दोन्ही शेजारी ठेवून काय झालं ते पोरांनाच विचारणार. आता पूड कागदाला धरायला डिंक कुठला?

गेरूवाला: बाभळीचा. रात्रभर भिजवा, गाळून घ्या, मधाएवढा दाट ठेवा. पूड आधी खलात चांगली घोटा, नाहीतर कागदावर कणी राहते. खलही वेगळाच ठेवा.