माहितीपटात जे दिसतात, त्यांना शेवटचा कट आधी दाखवायला नको का?

कोपऱ्यातली खुर्ची

गेल्या रविवारी आमच्या फिल्म सोसायटीत 'नानूक ऑफ द नॉर्थ' पाहिला. रॉबर्ट फ्लाहर्टीचा १९२२ चा माहितीपट, हडसन उपसागराकाठच्या एका इनुइट शिकाऱ्यावरचा. नानूक ग्रामोफोनची तबकडी हातात घेतो आणि चक्क दातांनी चावून बघतो, तेव्हा सगळं सभागृह हसलं. मीही हसले. घरी येऊन वाचलं तर त्याचं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकारिआल्लाक होतं. पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती. त्या भागात बंदुका कधीच पोचल्या होत्या, तरी शिकार भाल्याने करून घेतली. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून इग्लू अर्धाच बांधला.

एक माणूस शंभर वर्षं भाबडा ठरून बसलाय आणि आपण वर्गणी भरून हसतोय. माझं म्हणणं साधं आहे. ज्याचं आयुष्य वापरलं, त्याला शेवटचा कट, म्हणजे जोडून पूर्ण झालेला चित्रपट, आधी दाखवायचा. त्याला काही खटकलं, तर तो आक्षेप चित्रपटातच घ्यायचा. नटाला असा हक्क नसतो, कबूल. पण नट सोंग करतोय हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं.

वकिली बाणा

ताई, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. फ्लाहर्टी फिल्म धुण्याचं सामान आणि प्रोजेक्टर तिकडे घेऊन गेला होता. चित्रित केलेलं तो त्याच लोकांना दाखवायचा, पुढचे प्रसंग त्यांच्या मदतीने ठरायचे. म्हणजे तुमच्या नियमात 'नानूक' आरामात पास! तबकडीच्या गमतीत तो शिकारीही सामील असेल, ही शक्यता तुम्ही धरतच नाही. त्याला भाबडं समजणारे आपणच निघालो की.

कांदेपोहे

अवांतर: दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. रोज थोडं थोडं टिपायचं, पडद्यावर रोप भराभर वर येतं. वाटाण्याला शेवटचा कट दाखवल्याची नोंद नाही. 😀

कोपऱ्यातली खुर्ची

@वकिली बाणा, प्रोजेक्टरचं मला माहीत नव्हतं. पण रोजचे तुकडे दाखवणं वेगळं आणि जोडून झालेला चित्रपट दाखवणं वेगळं. अर्थ जोडणीत तयार होतो.

बरं, 'नानूक' सोडा. 'रायटिंग विथ फायर' घ्या. बुंदेलखंडात 'खबर लहरिया' नावाची बातमीसंस्था २००२ पासून बायका चालवतात. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ऑस्करचं नामांकन मिळालं. मार्च २०२२ मध्ये, सोहळा तोंडावर असताना, खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं: चित्रपट प्रभावी आहे, पण आम्ही जणू एकाच राजकीय पक्षाच्या मागे लागलेलो पत्रकार आहोत असं त्यात दिसतं आणि ते खरं नाही. कुठला शॉट बनावट आहे अशी ती तक्रार नव्हती. तक्रार होती निवडीबद्दल. रोज पाणी, रस्ते, खाणी, बलात्काराच्या केसेस यांवर लिहिणाऱ्या बायकांना सरकारविरोधी म्हणून शिक्का बसला तर त्याची किंमत गावात राहून त्यांनाच मोजायची आहे. दिग्दर्शक पुढच्या विषयाकडे जातो.

वकिली बाणा

तक्रार रास्त आहे. उपाय चुकीचा आहे. उद्या एखाद्या बिल्डरवर माहितीपट निघेल. त्याचंही 'आयुष्य वापरलं' आहे. त्यालाही कट दाखवायचा? तो आक्षेप नाही नोंदवणार, थेट कोर्टातून स्थगिती आणेल. तुम्ही दुबळ्यासाठी केलेला नियम पहिला कोण वापरणार, हे सांगायला वकील लागत नाही.

दुसरं, रचलेलं म्हणजे खोटं हे समीकरणही डोक्यातून काढा. एरल मॉरिसचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्स या माणसाला फाशीची शिक्षा ठोठावली गेली, पुढे तिची जन्मठेप झाली. मॉरिसने खुनाचा प्रसंग नट घेऊन पुन्हा पुन्हा चित्रित केला, दर वेळी वेगळ्या साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे. एकमेकांशी न जुळणारे ते प्रसंग बघताना साक्षी किती पोकळ आहेत ते दिसतं. १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला. आता करा खऱ्याखोट्याचा हिशेब.

कोपऱ्यातली खुर्ची

करते. तुरुंगातून सुटल्यावर तोच अ‍ॅडम्स स्वतःच्या कहाणीच्या हक्कांसाठी त्याच दिग्दर्शकाविरुद्ध कायद्याच्या वाटेने गेला. प्रकरण तडजोडीने मिटलं. ज्याला सोडवलं त्यालाही आपली गोष्ट परत हवी होती, हे तुम्ही सोयीस्कर वगळलंत. यालाच मी जोडणी म्हणते.

वकिली बाणा

_/\_ हा गुण तुमचा.

जुना डोअरकीपर

ताईंच्या नियमाने निघालेले माहितीपट आम्ही अर्धं आयुष्य पाहिलेत. फिल्म्स डिव्हिजन, सरकारचा माहितीपट विभाग, स्थापना १९४८. मुख्य चित्रपटाआधी ते दाखवणं थिएटरला सक्तीचं, वर त्याचं भाडंही थिएटरनेच भरायचं. धरण बांधणारं सरकार, माहितीपट काढणारं सरकार, कट पास करणारंही सरकार. आक्षेप कोण घेणार? लोक तेवढा वेळ बाहेर विडी ओढत आणि पाट्या सुरू झाल्या की आत येत. (तिथेही काही जणांनी फार धीट कामं केली, ते वेगळं.) मराठीत त्याला 'अनुबोधपट' म्हणायचे. बोध आधी ठरलेला, माहिती मागाहून.

माहेरवाशीण

आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' (१९८५) कोणीच काढला नाही? मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा. त्यात एक बाई कॅमेऱ्यासमोरच चित्रपटवाल्यांना झापते: तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार? दिग्दर्शकाने ते कापलं नाही. कायदा नको, सक्ती नको. प्रेक्षकाला तिथे कळतं की हे कोणीतरी बाहेरून येऊन टिपतंय.

वकिली बाणा

याला माझी हरकत नाही. पण ठेवायचं की कापायचं हे दिग्दर्शकाने ठरवलं, त्या बाईने नाही.

रूमटोन

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे, वीसेक वर्षं. तुमचं सगळं वाचतोय, म्हणून एक सांगतो. मराठवाड्यात दुष्काळावर एका वाहिनीसाठी शूट होतं. आम्ही पोचलो तोवर टँकर येऊन गेला होता आणि घरोघरी पाणी भरलं होतं. एका बाईंना विनंती करून विहिरीपर्यंत चालायला लावलं. ऊन हवं तसं नव्हतं, मग परत. मागून मोटारसायकल गेली, मग परत. तीन वेळा. विहीर कोरडी, रहाट गंजून अडकलेला. त्याची करकर मी दुसऱ्या गावातून रेकॉर्ड करून आणली. चित्रपट पाहून लोक रडले, पैसेही पाठवले.

वकिली बाणा

त्या बाई एरवी चालायच्या की नाही?

रूमटोन

चालायच्या. उन्हाळाभर, दिवसातून चार खेपा.

वकिली बाणा

मग खोटं काय दाखवलंत? हेच मघापासून सांगतोय.

कोपऱ्यातली खुर्ची

टँकर कापला ते. टँकर पडद्यावर आला असता तर प्रेक्षकाने विचारलं असतं की हा कुणाचा, एका खेपेचे किती घेतो, रोज का येत नाही. बाई चालताना दिसली की आपण हळहळतो आणि पैसे पाठवून मोकळे होतो. @रूमटोन, त्यांना दाखवला का हो चित्रपट?

रूमटोन

आम्ही नाही दाखवला. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो तेव्हा त्यांनी भाच्याच्या मोबाइलवर बघितला होता. मला वाटलं चिडतील. तसं काही नाही, चहा दिला. म्हणाल्या, "समदं बरोबर हाय, पर त्यो हंडा माझा नव्हता." खरंच नव्हता. त्यांच्याकडे प्लास्टिकची केशरी घागर होती. कॅमेरामनला पितळी हवा होता.

माहेरवाशीण

मग हंडा कुणाचा आणला होतात?

रूमटोन

टँकरवाल्याच्या घरचा.