गाणे आणि त्याच्यामागून येणारी माणसे: तुमची आठवण कोणती?

करवीरची लेक (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. येत्या कार्तिकात माझ्या आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या संध्याकाळी जवळच्या मंडळींना बोलावून तिच्या गाण्यांची मैफल लावावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. गाणारे कोणी बोलवायचे नाहीत, मूळ ध्वनिमुद्रिकाच ऐकवायच्या आणि प्रत्येक गाण्यामागची आठवण घरातल्या कोणीतरी दोन शब्दांत सांगायची, इतकाच बेत आहे. यादी करायला बसल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. "आवडते गाणे कोणते?" असे विचारले की जो तो नावाजलेली गाणी सांगतो, "कोणते गाणे ऐकले की तुला काय आठवते?" असे विचारले की उत्तर पार बदलते. माझ्या धाकट्या भावाने पहिल्या प्रश्नाला तीन उत्तम भावगीते सांगितली आणि दुसऱ्या प्रश्नाला रेडिओवरची एक साबणाची जाहिरात, कारण ती लागली की शाळेला उशीर झाला असे आमच्या घरी समजत असत.

माझ्यापुरते उत्तर 'ऐरणीच्या देवा तुला' हे आहे. 1965 सालच्या 'साधी माणसं' या चित्रपटातले हे गीत जगदीश खेबुडकरांचे असून 'आनंदघन' या टोपणनावाने त्याला चाल देणाऱ्या आणि ते गाणाऱ्या लता मंगेशकरच होत्या, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. भालजी पेंढारकरांचा चित्रपट म्हणजे आपल्या कोल्हापूरला घरचेच कार्य. माझ्या आठवणीचा मात्र चित्रपटाशी संबंध नाही. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लोहार कुटुंब राहत असे. नवरा ऐरणीवर आणि बायको भात्यावर, असे त्यांचे काम चाले. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर हे गाणे लागले की आम्ही मुले पळत जाऊन त्या मावशींना सांगत असू, की तुमचे गाणे लागले आहे. त्या भात्याची दोरी न सोडता ऐकत आणि एकदा हसून म्हणाल्या होत्या, "गाण्यातली ठिणगी पोळत न्हाई गं पोरी." त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळे डाग होते, आणि आजही गाण्याचे पहिले सूर आले की मला पडद्यावरची नायिका न दिसता तो हात दिसतो.

आपण सर्वांनी आपापले गाणे सांगावे, पण एका अटीवर. गाणे किती थोर आहे हे सांगण्याऐवजी ते कुठे, कशावर आणि कोणाच्या संगतीत ऐकले, हे लिहावे. यादी करताना नेमके काय विचारायचे, हे मला त्यातून कळेल.

रंकाळवेस:

ताई, विषय चांगला काढलात. मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझे गाणे आपल्या आईंच्याही आधीच्या पिढीचे आहे. संगीत 'स्वयंवर' हे नाटक 1916 साली रंगभूमीवर आले आणि त्यातले 'नाथ हा माझा' हे पद बालगंधर्वांनी घरोघरी पोहोचवले. नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि बुवा हे आपल्या करवीर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्य. त्यामुळे पुण्यामुंबईत गाजलेल्या त्या पदांवर कोल्हापूरचाही थोडा हक्क आहे, असे माझे वडील मिशीला ताव देत सांगत असत.

मी हे पद प्रथम ऐकले ते केशवराव भोसले नाट्यगृहात. वडिलांना कुस्ती आणि संगीत नाटक या दोन्हींचे सारखेच वेड होते, आणि शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह, शेजारीशेजारी बांधून त्यांच्यासारख्यांची मोठीच सोय करून ठेवली होती. दुपारी मैदानात कुस्त्या पाहायच्या, बाहेर पडून भेळ खायची आणि रात्री धोतराची धूळ झटकून नाटकाला बसायचे. त्या रात्री पदाला 'वन्स मोअर' मिळाला, आणि दुसऱ्या वेळी ते चालू असताना वडील माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरत होते. गाणे मला त्या वयात काय कळणार? ठेका कळला. पुढे कितीतरी थोर गायकांकडून हे पद ऐकले, पण समेवर येताना पाठीवर बोट पडत नाही, ही उणीव कोणीही भरून काढू शकले नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मीही इतर पुष्कळ लोकांप्रमाणे तिथे जाऊन उभा राहिलो. तिथे कोणी हळहळत होते, कोणी कारणांची चर्चा करत होते, आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ आपण इथे कोणते नाटक कोणाबरोबर पाहिले, हे कोणी विचारले नसतानाही सांगत होता. मीही त्याला माझे सांगितले. आठवणींना वास्तू लागते की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. माझा अनुभव असा, की त्या दिवसापासून हे पद लागले की आधी जळलेले छप्पर दिसते आणि मग वडील येतात. हा क्रम मला मुळीच आवडत नाही, पण तो माझ्या हातात नाही.

भोगावतीकाठ:

वरील दोन्ही आठवणी सुंदर आहेत, परंतु मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. आपण सगळेच धरून चाललो आहोत, की ज्या गाण्याने आठवण येते ते गाणे चांगले तरी असते किंवा निदान आपल्याला आवडते तरी. माझे तसे नाही. 'पिंजरा' या 1972 सालच्या चित्रपटातल्या लावण्या खेबुडकरांच्या लेखणीतल्या आणि राम कदमांच्या चालीतल्या आहेत, उषा मंगेशकरांनी त्या गायल्याही झोकात आहेत, यात वाद नाही. तरी लहानपणी मला त्या अगदी नकोशा झाल्या होत्या, कारण आमच्या गुऱ्हाळावर पूर्ण हंगामभर ती एकच कॅसेट वाजत असे.

आमचे गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला आहे. दिवाळी झाली की चरक सुरू व्हायचा आणि मग गुऱ्हाळ रात्रंदिवस चालायचे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: रस काहिलीत उकळू लागला की त्यात भेंडीचे पाणी घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकावी लागते. पुढे सगळी भिस्त गुळव्यावर. तो उकळत्या काकवीचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत त्याची गोळी होते का पाहतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. अंमळ घाई झाली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. आमचे गुळवे मामा हे सारे करताना टेपरेकॉर्डर लावून बसत. दुसरी कॅसेट आणू का, असे वडिलांनी विचारले तेव्हा "हिच्यावर माझा हात बसलाय" असे त्यांनी उत्तर दिले होते.

विजेचा भरवसा नसल्यामुळे टेप सेलवर चाले. सेल उतरले की मामा ते दिवसभर उन्हात ठेवत आणि रात्री पुन्हा घालत. अशा सेलांवर टेप हळू फिरायचा, त्यामुळे उषाताईंचा आवाज जाड आणि आळसावलेला येई आणि ढोलकीच्या दोन थापांमध्ये मळी काढून व्हायची. त्या गाण्यांची हीच खरी लय, असे माझ्या कानांनी कायमचे ठरवून टाकले आहे. आता मोबाइलवर स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा बाई कुठेतरी गाडी गाठायला निघाल्या आहेत, असे वाटते. तेव्हा, ताई, आपल्या यादीत मूळ ध्वनिमुद्रिकाच लावायच्या हा आग्रह धरताना एवढे लक्षात असू द्यावे, की आईंनी जे ऐकले ते आणि आपण जे लावणार ते एकच असेल, असे नाही.

पंचगंगातीर:

मी इथल्या मंडळींपेक्षा वयाने बरीच लहान आहे, त्यामुळे माझ्याकडे ना तबकडी आहे, ना कॅसेट. माझी आठवण मोबाइलच्या रिंगटोनची आहे. चालत असेल तर वाचा.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि आम्हांला एका शाळेत हलवण्यात आले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट धरतात. पाणी त्याच्या कितीतरी वर गेले होते आणि खोलीतली माणसे दर तासाला फुटांचा आणि इंचांचा हिशेब करत होती. मोबाइलला रेंज मिळाली तर मिळायची. आमच्या वर्गात शिरोळ तालुक्यात माहेर असलेल्या एक काकू होत्या आणि त्यांच्या मोबाइलची रिंगटोन 'जोगवा' चित्रपटातले 'जीव रंगला' ही होती. अजय-अतुल यांची चाल, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे आवाज. प्रेमाचे गाणे म्हणून आम्ही मैत्रिणी ते कॉलेजमध्ये गुणगुणत असू. त्या वर्गात मात्र हे सूर वाजले की सगळे जण बोलायचे थांबत, कारण तिकडच्या कोणाचा तरी फोन लागला आहे, असा त्याचा अर्थ होता. काकू आधी ऐकून घेत आणि मग मोठ्याने सांगत: अमका सापडला, तमक्यांना नावेतून काढले, म्हशी मात्र सोडून द्याव्या लागल्या. दोन ओळींच्या पुढे ते गाणे आम्ही तिथे कधी ऐकलेच नाही.

पुढे माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वाद्यवृंदाने तेच गाणे घेतले आणि माझी आई व मी एकाच क्षणी एकमेकींकडे पाहिले. बाकीचा मांडव नाचत होता.

जुनी तबकडी:

चर्चा रंगली आहे, म्हणून मी माझी आठवण थोडक्यात सांगतो आणि मूळ प्रश्नाकडे वळतो.

आपल्याकडे अशा प्रसंगी 'गीतरामायण' हटकून सुचवले जाते, आणि सुधीर फडके यांचा जन्मच कोल्हापूरचा, 1919 सालचा, असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण त्यात छप्पन्न गीते आहेत. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक या गतीने ती वर्षभर ऐकवली होती. तेव्हा "आईला गीतरामायण आवडते" एवढ्याने भागत नाही, छप्पन्नांतले कोणते, हे विचारावे लागते. आमच्या मातोश्री सगळी गीते मन लावून ऐकत, मात्र 'पराधीन आहे जगती' सुरू झाले की चहा टाकायला उठत. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणीच गेला होता आणि त्या गीताशी ते दुःख का जोडले गेले, हे त्यांनी कधी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. त्यांच्या साठीला हौसेने ते गीत लावणाऱ्या पाहुण्यांना यातले काय ठाऊक असणार?

म्हणून, ताई, माझी सूचना अशी. माणसाने साधारण दहा ते तिसाव्या वर्षांपर्यंत ऐकलेली गाणी पुढे सर्वांत जास्त आठवणी जागवतात, असे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. आपल्या आईंच्या बाबतीत हा काळ 1960 ते 1980 असा येतो. त्या काळातली वीस-पंचवीस गाणी काढा, आई स्वयंपाकघरात असताना सहज म्हणून एकेक लावा आणि फक्त पाहा. कोणत्या गाण्याला त्या आवाज वाढवायला सांगतात, कोणत्या गाण्याला बोलू लागतात आणि कोणत्या गाण्याला उठून जातात, याची नोंद ठेवा. उठून गेल्या ते गाणे समारंभात लावू नका, आणि त्याचे कारणही लगेच विचारू नका. आश्चर्याचा धक्का देण्याच्या नादात पाहुण्यांसमोर त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये.

करवीरची लेक:

सर्वांचे मनापासून आभार. 'जुनी तबकडी' यांनी सांगितलेली युक्ती कालपासूनच सुरू केली आहे आणि पहिल्याच दिवशी आमच्या यादीतली दोन गाणी गळाली. याउलट, आईने नाव घेतलेले एक हिंदी गाणे आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेले नव्हते. माझ्या वडिलांशी लग्न ठरायच्या आधी ती आणि तिची मैत्रीण रंकाळ्यावर फिरताना ते म्हणत असत, एवढेच ती सांगते आणि हसते. ती मैत्रीण सध्या इचलकरंजीला असते. तिला बोलावण्याचे ठरले आहे.

रंकाळवेस यांनी आपल्या वडिलांविषयी आणखी लिहावे, ही विनंती. आणि भोगावतीकाठ दादा, ती कॅसेट अजून आपल्याकडे आहे का?

भोगावतीकाठ:

कॅसेट आहे, वाजवायला यंत्र नाही. गुळवे मामांच्या नातवाला ती त्याच जाड आवाजात ऐकवायची आहे. शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देणारे कोणी अजून असेल, तर कृपया इथेच कळवावे.