पोरीशी घरात वारली बोलू की मराठी?

पाड्यावरची_पोर:
आम्ही आरेतले वारली. आजी-आजोबा आपसात वारलीच बोलतात, आईबाबा त्यांच्याशी वारली आणि आमच्याशी मराठी, मला समजतं सगळं पण बोलायला गेलं की तोंडात मराठीच येतं. आता मुलगी बालवाडीत जाईल. सासरचे म्हणतात तिला नीट मराठी येऊ दे, शाळेत हसतील. खरंय, आमच्या वेळी हसायचे, बाईपण "नीट बोल" म्हणून ओरडायच्या. आणि ऑफिसात लोक म्हणतात, वारली म्हणजे ते चित्रवाले ना, पण तुम्ही तर मुंबईचेच! मला पोरीला हे सगळं द्यायचंय. कुणी केलंय का असं?

तलासरीकर:
ताई, घाबरू नको. लहान पोरं दोन-तीन भाषा आरामात उचलतात, मुंबईत गुजराती, तुळू घरं बघ, घरात आपली आणि बाहेर मराठी-हिंदी, कुणाचं काय अडलं? फक्त आजीला सांग, पणतीशी मराठी बोलायचं नाही. म्हातारी माणसं कौतुकाने पोरांशी मराठी बोलतात आणि तिथेच तुटतं.

बोलीवाला:
आणि जनगणनेवाले आले की मातृभाषा मराठी सांगून मोकळे होऊ नका, वारली सांगा. २०११ च्या जनगणनेत वारली भिली/भिलोडी या भाषागटात मोजलीय, पण गटाखाली तिचं वेगळं नाव नोंदवलं जातं, अर्थात आपण सांगितलं तरच ना. घटनेच्या ३५०अ कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं आहे, ते मागायचं तर आधी आकडा लागतो.

मुलुंडकर७:
मला वाटतं भाषेचा एवढा आग्रह नको. मराठी पण आपलीच आहे. पोरीला चित्रं शिकवा, ओळख टिकेल.

आरेचीच_मी:
@मुलुंडकर७ दादा, नाही पटलं. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, बाई असते ती. भिंत सारवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी, आणि लग्नभर धवलेरी गात असते. हे सगळं वारलीत. जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, अभिमानच आहे, चित्र जगभर गेलं, पण गाणं कुणी नेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न होतं, आमच्या म्हाताऱ्या धवलेरीने डीजे बंद करायला लावला आणि गायला बसली, मागे बसलेल्या आम्हा पोरींना ओळ धरता येईना, नुसता शेवटचा शब्द ओढत होतो. ती थांबली, आमच्याकडे बघितलं, परत पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश, आम्हाला जमेल तसं. तिच्यानंतर आमच्या पाड्यात गाणारं कुणी नाही. चित्र विकत शिकता येतं हो, हे नाही शिकता येत.

पाड्यावरची_पोर:
ताई, माझ्या आजीला कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं गाणं येतं, घांगळी वाद्यावर आजोबा गायचे तेच. मोबाईलवर रेकॉर्ड करायचंच आहे पण ती एकटी गात नाही, म्हणते मागे धरायला कुणी पाहिजे. तुमच्या धवलेरीबाई येतील का आमच्याकडे? रविवारी चालेल, पोरीला पण बसवते.

आरेचीच_मी:
विचारते. पण रिक्षाने आणायला लागेल, गुडघे दुखतात तिचे. कुठला पाडा ते मेसेज कर.